तंबोरा लागेपर्यंत : एका हौशी अडचणीचा इतिहास

मराठीत आपण तंबोरा ‘वाजवतो’ असे क्वचितच म्हणतो. आपण तो ‘छेडतो’, ‘जुळवतो’ किंवा ‘लावतो’. आणि हे सगळे मनासारखे झाले म्हणजे तो ‘लागतो’. लावणे ही माणसाची क्रिया आहे, लागणे ही वाद्याची. या दोन क्रियापदांमधले अंतर किती मोठे असू शकते याचा अनुभव मी जवळजवळ अकरा वर्षे घेतला. त्या काळात मी तंबोरा रोज लावत होते आणि तो एकदाही लागला नाही. प्रस्तुत लेखाचे निमित्त हा अनुभव असला, तरी त्याचा विषय तो नाही. माझ्यासारख्या हौशी गाणाऱ्या माणसाच्या घरी तंबोरा असतो, पण तो लावून देणारे कोणी नसते, ही परिस्थिती केव्हा आणि कशी निर्माण झाली, हा विषय आहे.

तंबोरा माझ्या मामांचा. ते शाळेत शिक्षक होते, भजने आणि नाट्यपदे गात, आणि १९६८ साली त्यांनी तो मिरजेहून आणला होता. त्यांच्यामागे तो माझ्याकडे आला. मी तेव्हा आठवड्यातून दोनदा गाण्याच्या वर्गाला जात होते. वर्गात हार्मोनिअमच्या एकाच पट्टीवर मुलगे आणि मुली असे आम्ही सगळेच गात असू. तंबोऱ्याचे ज्ञान मला होते ते परीक्षेपुरते. भोपळा, तबली, दांडी, घोडी, मणी, खुंट्या अशी नावे घालून मी त्याची आकृती सुबक काढू शकत असे आणि त्या प्रश्नाला मला पूर्ण गुण मिळाले होते. प्रत्यक्ष वाद्य समोर आल्यावर मात्र या आकृतीचा काही उपयोग झाला नाही.

अडचण एक नव्हती. तारा मामांच्या पट्टीला, म्हणजे काळी एकला ठेवल्या की माझा षड्ज घशात बुडून जाई. पट्टी वर नेली की जुनी तार तुटे किंवा खुंटी निसटे. खुंटी निसटू नये म्हणून तिला खडू लावतात असे कोणीतरी सांगितले. खडूची आमच्या घरी वाण नव्हती, पण खडूने खुंटी थांबली तरी सूर थांबेना. तारा नव्या घातल्या तर त्या खणखणत. घोडी आणि तार यांच्यामध्ये जो सुती दोरा सरकवायचा असतो तो पुढे घेतला तर आवाज मुका होई, मागे घेतला तर पत्रा वाजल्यासारखा येई. दोष तारेचा, दोऱ्याचा, घोडीचा, हवेचा, की माझ्या कानाचा, हेच ठरत नव्हते. वाद्यात बिघाड असला की तो शोधायचा कसा हे तरी कळते; येथे बिघाड वाद्यात आहे की आपल्यात आहे हाच प्रश्न होता. हळूहळू मी दुसऱ्या उत्तराकडे झुकले. आपला आवाज मुळात गाण्याचा नाही, असे मी मानू लागले.

*

या गोंधळाचे केंद्र जेथे आहे त्या जागेची लांबी-रुंदी दोन-चार बोटांची आहे. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा वरवर पाहता सपाट दिसतो, पण त्याला अतिशय सूक्ष्म असा उतार दिलेला असतो. तार या उतारावरून जाताना कंप पावते तेव्हा ती माथ्याला क्षणोक्षणी स्पर्श करते आणि सुटते. या स्पर्शामुळे मूळ स्वराबरोबर त्याचे वरचे उपस्वर उमटत राहतात आणि तंबोऱ्याचा तो परिचित, घोंगावणारा, भरीव नाद निर्माण होतो. घोडीच्या माथ्याचा हा उतार नेमका साधणे याला जवारी काढणे म्हणतात. दोरा या जवारीचा नेमका बिंदू शोधण्यासाठी असतो. त्याला काही ठिकाणी जीवा किंवा जीवाळी म्हणतात, हे लक्षात घेण्यासारखे आहे.

सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवरील आपल्या निबंधात नेमक्या याच जागेकडे लक्ष वेधले होते. तार ज्या बिंदूवर छेडली जाते तेथे ज्या उपस्वरांचा स्थिर बिंदू येतो ते उपस्वर उमटू नयेत, असा युरोपीय ध्वनिशास्त्रातील यंग आणि हेल्महोल्ट्झ यांचा नियम होता. तंबोरा आणि वीणा हा नियम पाळत नाहीत, असे रामन यांनी दाखवले. जे उपस्वर असायला नकोत तेही या वाद्यांत स्पष्ट ऐकू येतात आणि त्याचे कारण घोडीच्या रचनेत आहे. म्हणजे तंबोऱ्याचे सारे वैशिष्ट्य ज्यात आहे ती गोष्ट म्हणजे कानशीने घासून काढलेला एक उतार. तो डोळ्यांना जवळजवळ दिसत नाही. तो बरोबर आहे की नाही हे फक्त कान ठरवतो.

या उपस्वरांतला सर्वांत कौतुकाचा म्हणजे खर्जाच्या तारेतून आपोआप ऐकू येणारा गंधार. त्याला जाणकार ‘स्वयंभू गंधार’ म्हणतात. शास्त्राच्या भाषेत तो खर्जाच्या कंपनसंख्येच्या पाचपट असलेला उपस्वर होय. तारांपैकी कोणतीही गंधारात लावलेली नसते आणि तरीही गंधार ऐकू येतो. तंबोरा लागला आहे याची ही एक खूण मानली जाते. माझ्या तंबोऱ्यात हा गंधार अकरा वर्षांत उमटला नाही.

*

आता इतिहासाकडे वळू. तंबोऱ्याच्या जुळणीची अडचण जुन्या गवयांना नव्हती असे नाही. त्यांनाही पावसाळ्यात खुंट्या फुगण्याचा आणि उन्हाळ्यात सैल पडण्याचा त्रास होताच. परंतु ती अडचण एकट्याने सोसायची नव्हती. गुरूच्या घरी राहणारा शिष्य गाणे शिकण्याआधी, आणि शिकत असतानाही, गुरूच्या मागे तंबोरा घेऊन बसे. वर्षानुवर्षे दुसऱ्याच्या गाण्यासाठी तंबोरा जुळवता जुळवता त्याचा कान तयार होई. आणि जे गवयाच्या हाताबाहेर होते त्यासाठी कारागीर असे.

महाराष्ट्रात या कारागिरीचे नाव मिरज असे आहे. तेथील परंपरा सांगते ती अशी : १९व्या शतकाच्या मध्याच्या सुमारास, तलवारी-भाल्यांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब यांनी तंतुवाद्यांच्या दुरुस्तीला आणि पुढे निर्मितीला आरंभ केला. शस्त्रांची मागणी ओसरली होती आणि मिरजेच्या पटवर्धन संस्थानिकांच्या आश्रयाने गवई येत होते. पोलाद घासणारे हात घोडी घासू लागले. भोपळे येत ते पंढरपूरकडच्या भागातून. हे भोपळे खाण्याचे नव्हेत. जाड सालीचे, मुद्दाम वाढवून वाळवलेले. लाकूड तूण जातीचे, वजनाला हलके. घोडीसाठी हाड, शिंग, हस्तिदंत असे पदार्थ वापरले जात. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्याच्या पुढच्या दुरुस्त्या यांमुळे त्यांतले काही वापरातून गेले. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. शिकलगारांच्या घरांतली ही विद्या तोपर्यंत अनेक पिढ्यांची झाली होती.

महत्त्वाचे हे की मिरजेत कारागीर आणि गवई एकाच गावात नांदत होते. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर (१८४९–१९२६) काही काळ मिरजेत होते; विष्णु दिगंबर पलुस्कर त्यांच्याकडे तेथेच शिकले. अब्दुल करीम खाँ (१८७२–१९३७) मिरजेला स्थायिक झाले आणि तंबोऱ्याच्या सुरेलपणाविषयीचा त्यांचा आग्रह प्रसिद्धच आहे. अशा गावात घोडी घासणाऱ्याला गवयाचा गळा ठाऊक असे आणि गवयाला घासणाऱ्याचा हात. जवारी ही या दोघांमधली गोष्ट होती. ती वाद्याबरोबर विकत मिळणारी वस्तू नव्हती.

*

याच काळात एक नवा माणूस संगीताच्या क्षेत्रात येत होता. तो गवयाच्या घराण्यातला नव्हता, राजाश्रित नव्हता आणि गाण्यावर त्याचे पोट नव्हते. मुंबईत १८७० साली पारशी गायन उत्तेजक मंडळी आणि पुण्यात १८७४ साली गायन समाज स्थापन झाला, तो अशाच माणसांच्या पुढाकाराने. विष्णु नारायण भातखंडे (१८६०–१९३६) पेशाने वकील होते. पलुस्कर स्वतः गवई खरे, पण १९०१ साली लाहोरला आणि १९०८ साली मुंबईला त्यांनी गांधर्व महाविद्यालय काढले ते या नव्या वर्गासाठी. मध्यमवर्गातल्या मुली-स्त्रिया उजळ माथ्याने गाणे शिकू लागल्या, हे या चळवळीचे देणे आहे. माझ्यासारखीला सा कसा लावायचा हे कोणी सांगितले असेल तर ते या दोन विष्णूंच्या कृपेने, हे मी विसरू शकत नाही.

परंतु प्रत्येक व्यवस्था काही देताना काही सोडून देते. गुरुगृहाऐवजी वर्ग आला, वर्गाबरोबर तास आला, तासाबरोबर अभ्यासक्रम आला. चाळीस मिनिटांच्या तासात तंबोरा जुळवण्यात वीस मिनिटे घालवणे कोणत्याच संस्थेला परवडणारे नव्हते. ही अडचण हार्मोनिअमने सोडवली. युरोपातून आलेल्या आणि कलकत्त्यात हातपेटीच्या रूपात भारतीय बैठकीला जुळवून घेतलेल्या या वाद्याला रोज जुळवावे लागत नाही. ते लहान आहे, टिकाऊ आहे, आणि नवशिक्याला बोट ठेवताच स्वर दाखवते. १८८० साली ‘शाकुंतल’ने सुरू झालेल्या संगीत रंगभूमीवरही पुढे ऑर्गन आणि हार्मोनिअम हीच प्रमुख साथ झाली. गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांच्यासारख्या कलावंताने पेटीला स्वतंत्र प्रतिष्ठा मिळवून दिली. हौशी गायकाचे घर आणि पेटी यांचे समीकरण महाराष्ट्रात पक्के झाले.

पेटीचा प्रभाव किती खोल आहे याचा पुरावा आपल्या भाषेतच आहे. ‘काळी एक’, ‘पांढरी पाच’ ही पट्ट्यांची नावे हार्मोनिअमच्या पट्ट्यांच्या रंगांवरून आली. तंबोऱ्याला ना काळी आहे ना पांढरी, पण मिरजेच्या दुकानात तंबोरा मागायला गेलात तरी कारागीर विचारणार, “कोणती काळी?”

*

या सोयीची किंमत काय होती हे ज्यांनी सर्वांत आधी हेरले, त्यांतले दोघे हौशीच होते. एक सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल आणि दुसरे इंग्रज न्यायाधीश ई. क्लेमंट्स. हार्मोनिअमचे स्वर युरोपीय सम-विभाजनाने ठरवलेले असतात : सप्तकाचे बारा सारखे भाग. सोय म्हणून हे ठीक आहे, पण निसर्गतः ऐकू येणाऱ्या स्वरांशी ते जुळत नाहीत. एका अर्धस्वराचे शंभर भाग केले तर पेटीचा शुद्ध गंधार तंबोऱ्यातल्या स्वयंभू गंधारापेक्षा सुमारे १४ भागांनी चढा असतो. कागदावर हा फरक किरकोळ वाटेल. पण पेटी आणि लागलेला तंबोरा शेजारी ठेवून गंधारावर थांबून पाहावे. दोन गंधार एकमेकांना घासताना ऐकू येतात.

देवलांनी १९१० साली बावीस श्रुतींविषयीचे आपले पुस्तक प्रसिद्ध केले. अब्दुल करीम खाँ यांच्या गाण्याचा आधार घेऊन त्यांनी स्वरांची मोजमापे केली. सांगली आणि मिरज ही गावे एकमेकांना इतकी लागून आहेत की एका गावचा कलेक्टर आणि दुसऱ्या गावचा गवई एकत्र यावेत यात नवल नाही. क्लेमंट्स यांनी या विचाराला अनुसरून विलायतेत खास श्रुति-हार्मोनिअम बनवून घेतली. बडोद्याला १९१६ साली भरलेल्या पहिल्या अखिल भारतीय संगीत परिषदेत श्रुतींच्या प्रश्नावर वाद झडले. भातखंड्यांना क्लेमंट्स-देवलांचा सिद्धान्त मान्य नव्हता. श्रुति-हार्मोनिअम काही घरोघर पोचली नाही.

या प्रयत्नाला आज हसणे सोपे आहे. अब्दुल करीम खाँचा गळा पट्ट्यांत बसवायला निघालेला कलेक्टर, असे चित्र रंगवता येईल. मला मात्र देवलांविषयी जिव्हाळा वाटतो. त्यांना जे हवे होते तेच मला अकरा वर्षे हवे होते : एकदा नीट बसवले की पुन्हा हात लावावा लागणार नाही असे अचूक वाद्य. नोकरी सांभाळून गाणाऱ्या माणसाची ही अगदी स्वाभाविक इच्छा आहे. देवलांनी निदान स्वतःच्या कानावर विश्वास ठेवला आणि दोष पेटीत शोधला. मी तो स्वतःत शोधत राहिले.

पुढचा इतिहास थोडक्यात असा. आकाशवाणीने १९४० साली हार्मोनिअमवर बंदी घातली आणि ती तीन दशके राहिली. स्वरांच्या शुद्धतेसाठी ही बंदी होती; पण त्यामुळे घरातली पेटी हलली नाही आणि घरात तंबोराही आला नाही. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळुरूत इलेक्ट्रॉनिक तंबोरा तयार झाला आणि आता तर तो प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये आहे. पट्टी निवडा, बटण दाबा. तो न थकता, न उतरता वाजतो. हौशी माणसाची अडचण अखेर सुटली, असे म्हणायला हरकत नसावी. मीही काही वर्षे तसेच म्हणत होते, आणि मामांचा तंबोरा गवसणीत होता.

*

तो गवसणीतून निघाला तो एका कामानिमित्त सांगलीला जाणे झाले तेव्हा. मी तंबोरा बरोबर घेतला आणि मिरजेत एका वयस्क कारागिरापुढे ठेवला. तारा, दोरा, खुंट्या यांबद्दलची माझी सगळी गाऱ्हाणी मी क्रमवार सांगितली. त्यांनी ती ऐकून घेतली आणि म्हणाले, “ताई, ते सगळं आपण बघू. आधी तुम्ही सा लावा.”

मी काळी एकचा सा लावला. ते म्हणाले, “हा नव्हे. हा मामांचा झाला. तुमचा लावा.”

दोन-तीन प्रयत्नांनंतर आवाज जेथे सहज थांबला ती काळी तीन निघाली. वर्गातल्या पेटीची आणि घरातल्या तंबोऱ्याची पट्टी, दोन्ही माझ्या गळ्याच्या खाली होत्या. हे सांगायला त्यांना पाच मिनिटे लागली. वाद्य उत्तम आहे, पण पुरुषाच्या पट्टीसाठी बांधलेले आहे, दांडी लांब आहे, असे त्यांनी सांगितले. बायकी पट्टीसाठी लहान वाद्य बरे, पण मामांचे आहे म्हणता तर याच्यावरच करू, असे म्हणून त्यांनी जुन्या तारा काढल्या. दांडीवर ताण कमी यावा म्हणून पातळ तारा घातल्या. मग घोडीवर कानस चालू झाली. दोन हात फिरवायचे, तार चढवायची, छेडायची, कान द्यायचा, तार उतरवायची, पुन्हा दोन हात. मधूनमधून ते मला सा लावायला सांगत. जवारी खुली ठेवायची की बंद, हे माझा आवाज ऐकून ते ठरवत होते. हे सगळे जवळजवळ तीन तास चालले. शेवटी दोरा सरकवत एका जागी त्यांनी हात थांबवला, चारही तारा छेडल्या, आणि काहीच बोलले नाहीत. बोलण्याची गरज नव्हती. गंधार ऐकू येत होता.

निघताना मी विचारले, आता हे असेच राहील ना? ते हसले. तार माथ्यावर घासत राहते, तेथे बारीक चर पडतो, जवारी उतरते. रियाझ असेल तर लवकर उतरते. “नाही उतरली तर समजा, तुम्ही गायला नाहीत. उतरली की या.”

या उत्तराने माझा प्रश्नच बदलला. अकरा वर्षे मी वाद्याची एक अंतिम, अचूक जुळणी शोधत होते. तशी जुळणी तंबोऱ्यात नसतेच. घोडीचा उतार हा एका विशिष्ट गळ्यासाठी, विशिष्ट काळापुरता, एका माणसाने दुसऱ्या माणसाचे ऐकून केलेला असतो. जुन्या व्यवस्थेत हे ऐकणे गृहीत होते म्हणून त्याची कोठे नोंद झाली नाही. पुस्तकात तंबोऱ्याची आकृती आली, नावे आली. ऐकणारा माणूस काही आकृतीत काढता येत नाही. नव्या शिक्षणाने गाणे सर्वांना दिले, पण सगळ्यांना एका पट्टीवर बसवले. त्या पट्टीत न बसणाऱ्या किती मुलींनी ‘आपल्याला गळा नाही’ असे समजून वही मिटली असेल, याची मोजदाद कोणत्याही संगीताच्या इतिहासात सापडणार नाही. पलुस्कर-भातखंडे यांचे ऋण मान्य करूनही हा हिशेब मांडायला हवा.

मला आता वर्षाकाठी एकदा मिरजेला जावे लागते. गाडीच्या गर्दीत तंबोरा सांभाळताना कोणी ना कोणी विचारतेच, मोबाइलवर मिळतो ना हा? मिळतो, मी म्हणते. मोबाइलचा तंबोरा मी अजूनही वापरते; प्रवासात, परगावी. त्याच्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त त्याने मला आजवर एकदाही सा लावायला सांगितलेला नाही.